आधी पाणी

पाणीवाले नाना पत्र्याला हात लावण्याआधी त्याला आंघोळ घालत. धुळ्याच्या आमच्या कॉलेजात प्रयोगशाळेपासून सायकलस्टँडपर्यंत सगळीकडे ॲस्बेस्टॉस सिमेंटचे पत्रे होते आणि नाना त्या इमारतींचे मिस्त्री. पत्रा बदलायचा म्हटलं की आधी बादली शिडीने वर जायची, मग नाना. नळाला चार दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात छपराला पाणी पाजणारा माणूस म्हणजे आम्हाला आयती करमणूक. त्यांना हे नाव ठेवणाऱ्यांत मीही होते.

पत्र्याला करवत लावू देत नसत, भोक पाडू देत नसत. बोल्ट सैल करून अख्खा पत्रा दोघांनी हळूच खाली घ्यायचा. फुटलेले तुकडे ओल्या गोणपाटात बांधून वसतिगृहामागे खोल पुरायचे. एकदा फिजिक्सचे सर तारेसाठी ड्रिल घेऊन आले, तर नाना मधली सुट्टी संपेपर्यंत शिडीच्या वरच्या पायरीवर बसून राहिले. “तार खिडकीमाईन लई जा, सर,” एवढंच म्हणाले.

तरुणपणी ते आणि त्यांचे थोरले भाऊ मुंबईकडे पत्र्याच्या कारखान्यात होते. त्याबद्दल विचारलं की म्हणत, “मना भाऊ पत्रा कापे. आते नही शे.” पुढे खोकल्याची ढास लागे आणि गेलेल्या भावाचा विषय तिथेच संपे. तो खोकला आम्ही विडीच्या खात्यावर टाकला होता. नाना विडी ओढत नसत, हे आमच्यापैकी कोणाच्या लक्षात आलं नाही.

मी रसायनशास्त्राची नवी प्राध्यापिका होते. प्रात्यक्षिक परीक्षेच्या आदल्या दुपारी वादळाने प्रयोगशाळेवरचे दोन पत्रे फुटून टेबलांवर चुरा पडला. सकाळी बाहेरचे परीक्षक येणार, माझी पहिलीच परीक्षा. मी पदर खोचून झाडू उचलला. नानांनी तो माझ्या हातातून काढून घेतला, मला बाहेर केलं आणि आतून कडी लावली. खिडकीतून बघते तो पिण्याच्या पाण्याचं अख्खं पिंप ते चुऱ्यावर ओतत होते.

मी तरातरा प्राचार्यांना घेऊन आले. “नाना, उद्या मुलांनी प्यायचं काय?” त्यांनी दरडावलं.

“पानी परवा येई, साहेब. छाती कोठून आनशात?”

अंधार पडेपर्यंत ते एकटे ओल्या फडक्याने टेबलं पुसत होते. शेवटी फडकीही गोणपाटात गेली. मुलांनी घरून पाणी आणलं, परीक्षा सुरळीत झाली. मी मात्र आठ दिवस नानांशी बोलले नाही. त्या चुऱ्याची कोरडी धूळ छातीत जाऊन वर्षांनंतर फुप्फुसं कशी निकामी करते, ते मी पुस्तकात वाचलं तेव्हा नाना निवृत्त होऊन नरडाण्याला, आपल्या गावी गेले होते. इतकी शिकलेली मी, आणि माझ्या हातात कोरडा झाडू होता. मला स्वतःची फार लाज वाटली.

मुलीला घेऊन मी त्यांना भेटायला गेले. नाना खाटेवर बसून होते, चार शब्दांमागे दम खात होते. मी म्हटलं, “नाना, त्या दिवशी ही माझ्या पोटात होती. तिसरा महिना. घराबाहेर कोणालाच सांगितलं नव्हतं.”

“माले समजेल व्हतं, ताई,” ते म्हणाले. “म्हनीसन तर बठ्ठा पिंप वती दिन्हा.”

मग त्यांनी सुनेला हाक मारली आणि पोरीला आधी पाणी द्यायला सांगितलं.