तिळावरचा यमदूत

प्रत्येक जीवाला योग्य नाव देणे हे शास्त्राचे पहिले आणि पवित्र कर्तव्य आहे, असे आमचे साहेब म्हणत. ते असे म्हणत होते त्या आठवड्यात पापनाशमजवळच्या एका गावात वीरम्माळ नावाच्या विधवेचा तीळ अळ्या फस्त करत होत्या, आणि त्या वेचायला एकही बाई शेतात उतरायला तयार नव्हती. कारण नाव आम्ही दिले होते.

एकोणीसशे पन्नासचे दशक संपत आले होते. मी तंजावूरला शेती खात्यात कीटक विभागाचा असिस्टंट होतो. भात निघाला की तिकडे काही शेतांत तीळ पेरतात. त्यावर बोटाएवढी जाड, हिरवी अळी येते. तिच्या शेपटावर शिंग असते. डिवचले की ती डोके उचलून ताठ बसते. युरोपातल्या कोणा शास्त्रज्ञाला ते पाहून इजिप्तमधली स्फिंक्सची मूर्ती आठवली, म्हणून तिच्या पतंगाला स्फिंक्स मॉथ म्हणतात. हा पतंग ससाण्याच्या झपाट्याने उडतो, म्हणून हॉक मॉथही म्हणतात. तिळावरच्या या पतंगाच्या पाठीवर एक फिकट डाग असतो. युरोपात त्यात लोकांना कवटी दिसली आणि त्याचे नाव डेथ्स हेड, म्हणजे मृत्यूचे मुंडके, पडले.

गावाला यातले काही दिसले नव्हते. गाव अळीला एळ्ळुप्पुळू म्हणे, म्हणजे तिळातली अळी. पतंगाला नावच नव्हते. तो पीक खात नव्हता, मग नाव कशाला?

साहेबांना हे पटले नाही. लीफलेट काढायचे ठरले. मी नावाचा उगम त्यांना सांगितला, ही माझी पहिली चूक. त्यांनी मथळ्यात तमिळमध्ये 'यमदूत पतंग' असे छापायला लावले. चित्र मी काढले, ही दुसरी. डाग पुसट असतो, छपाईत उठणार नाही, म्हणून मी तो जरा ठळक केला. डोळ्यांच्या खोबण्या काढल्या. मग हात थांबेना, दातही काढले.

लीफलेट गावोगाव भिंतींवर लागले. तीळ आणि यम हे दोन शब्द एका कागदावर आले की आमच्या भागात काय होते, हे मला कळायला हवे होते. तिळाचे पाणी आम्ही दर अमावास्येला पितरांना सोडतो. गावाने सरळ हिशेब केला. तिळावर यमाचा माणूस आला, म्हणजे कोणाचे तरी पितर उपाशी आहेत. अशी अळी मारायची कोणी?

कोणी अळ्या वेचत नाही असा गावाचा निरोप आला तेव्हा मी साहेबांकडे गेलो. ते म्हणाले, "मिस्टर राव, गैरसमज दूर करणारे दुसरे लीफलेट काढू. मसुदा करा."

"सर, ते छापून येईपर्यंत अळ्या जमिनीत शिरून कोशात गेलेल्या असतील. तीळही गेलेला असेल."

"मग फील्ड व्हिजिट करा," ते म्हणाले. "मसुदा परत आल्यावर."

ही अळी शेवटच्या काही दिवसांत सगळ्यात जास्त खाते. मसुद्यासाठी न थांबता मी सकाळची बस धरली. मला बसवेना, उभाच राहिलो. टाचलेल्या पतंगाची डबी हातात होती. वेचलेल्या अळ्या मराव्यात म्हणून मडक्यातल्या पाण्यात रॉकेल घालतात; त्याची बाटली मात्र बसमध्येच राहिली.

बांधावर पाचसहा बायका बसल्या होत्या. त्यांची मुकादमीण अंजलै. वीरम्माळ जरा दूर उभी होती. शेताचा एक कोपरा नुसत्या काड्यांचा झाला होता. तिच्या घरचे वर्षाचे तेल त्या शेतात होते, आणि ती स्वतःही हात लावत नव्हती. तिचा नवरा गेल्या वर्षी गेला होता.

"ते असतील तर?" ती मला म्हणाली. "त्यांना तीळ फार आवडायचा."

मी डबी उघडली. अंजलैने पतंग निरखून पाहिला.

"रायर," ती म्हणाली. आम्हा मराठी लोकांना तिकडे रायर म्हणतात. "याचे दात कुठे आहेत?"

"नाहीत."

"कागदावर आहेत."

"ते मी काढले."

"का?"

"कवटीला असतात म्हणून."

तिने मागे वळून सगळ्यांना सांगितले की यमाला दात सरकारने बसवले. बायका हसल्या, पण उठल्या नाहीत. दात नसले तरी पितर पितरच.

मग मी वेष्टी, म्हणजे तिकडचे धोतर, वर खोचली आणि एकटाच शेतात उतरलो. अळी देठ सोडत नाही, ओढावी लागते, आणि ओढताना जबडा कटकट वाजवते. बायकांना ही करमणूक झाली. एकीने विचारले, सरकार तुम्हाला याचाच पगार देते का. मी हो म्हणालो. मडके भरले. रॉकेल नव्हते, म्हणून मी ते तसेच बांधावर ठेवले आणि दुसरे घ्यायला वळलो. अळ्या काठावरून बाहेर येऊ लागल्या.

एक कावळा उतरला. त्याने एक अळी उचलली, बांधावर आपटली आणि गिळली. मग आणखी दोन कावळे आले.

अंजलै उठून उभी राहिली. "कावळा म्हणजे पितरच ना?" ती वीरम्माळला म्हणाली. "पितर पितराला खाईल?"

"ते नाहीत," वीरम्माळ म्हणाली. "ते असते तर कावळ्याला असं जवळ येऊ दिलं नसतं. दगड मारून हाकलायचे."

तिने पदर खोचला आणि सगळ्यांच्या आधी शेतात उतरली. दुपारपर्यंत शेत वेचून झाले. तिसऱ्या दिवशी पुन्हा एकदा वेचले. कोपरा गेला, बाकीचा तीळ वाचला.

मी यातून एवढेच शिकलो की किडीचे नाव ती काय खाते त्यावरून ठेवावे, ती कोणासारखी दिसते त्यावरून ठेवू नये. साहेबांनी रिपोर्ट वर पाठवला. 'कीड कशामुळे आटोक्यात आली' या रकान्यात त्यांनी 'लीफलेट' असे लिहिले. मी हरकत घेतली नाही. फॉर्ममध्ये कावळ्यांसाठी रकाना नव्हता.