अप्पाचा अर्धा कोयता

मन्मथअप्पा कुणाला तब्येत विचारायचा नाही. समोरच्याला बाकावर बसवायचा, चहा सांगायचा आणि म्हणायचा, "दमल्यावर तुमचं नेमकं काय संपतं वो?" माणसं बुचकळ्यात पडत. मोंढ्यातला एक हमाल म्हणाला, "दम संपतो, दुसरं काय." एक वकील बराच वेळ विचार करून म्हणाले, "खरं बोलायची इच्छा." मी कॉलेजात मराठी शिकवत होतो. मी म्हणालो, आवाज. अप्पानं मान डोलावली. "बगा, परत्येकाची टाकी येगळी."

अंबाजोगाईत तेव्हा इंटरनेट नुकतं आलं होतं. अप्पाचं सायबर कॅफे बसस्थानकामागच्या गल्लीत, एका शिंप्याच्या दुकानावर होतं. भावाला ईमेल पाठवायला मी गेलो आणि मग जातच राहिलो. दुपारी गिऱ्हाईक नसे. खालून शिलाई यंत्राचा आवाज येई, फोन लागताना मॉडेम घशात काही अडकल्यासारखा खाकरे. खिडकीला निळे पडदे होते. त्यांतून आलेला उजेड भिंतीवर हलू लागला, की आपण एखाद्या तळ्याच्या बुडाशी बसलो आहोत असं वाटे.

त्या उजेडात अप्पा परदेशातल्या काही हौशी मंडळींच्या इंटरनेटवरच्या खेळाचं काम करी. खेळात चित्रं नव्हती, नुसती अक्षरं. जगभरची माणसं एकाच वेळी त्यात शिरत. कुणी योद्धा होई, कुणी मांत्रिक, कुणी वैद्य. लढताना कोणत्या वर्गाच्या पात्राजवळ कसलं बळ असावं, ते कशानं खर्च व्हावं आणि कशानं भरून यावं, हे अप्पानं ठरवायचं. पगार नव्हता. त्याच्या योद्ध्याचा राग मार खाल्ल्यावर वाढे आणि त्या रागावरच तो लढे. वैद्य दुसऱ्याला बरं करी तेव्हा त्याची झोप खर्च होई. ही कल्पना कॅफेत येणाऱ्या शिकाऊ डॉक्टरांकडून आली होती. "आकडे कुनीबी मांडंल, सर," अप्पा म्हणायचा, "पन खर्च करताना जीव हळहळला पायजे."

त्याच्या वडलांचं युसूफ वडगावला दोर आणि ताडपत्र्यांचं दुकान होतं. दिवाळी सरली की ऊसतोडीला निघालेल्यांचे ट्रक दुकानासमोर थांबत. मुकादम माणसं मोजत नसे, कोयते मोजी. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटं माणूस म्हणजे अर्धा कोयता. हे अप्पाच्या मनात खोल कुठेतरी राहिलं असावं, कारण पुढं त्यानं खेळात एक नवा वर्ग आणला: दोन खेळाडू आणि दोघांत मिळून एकच बळ. एकानं घाव घातला की दुसऱ्याचंही बळ उतरायचं.

तो तपासून पाहायला जोडीदार हवा होता. गल्ल्यावर बसणाऱ्या कमलवहिनींना, म्हणजे स्वतःच्या बायकोला, त्यानं शेजारच्या संगणकावर बसवलं. त्या एका बोटानं टाईप करत.

"आवो, माजं बळ कावून उतरलं? मी तर नुसती उबी हाय."

"मी लांडगा मारला."

"मला इचारून मारायचा ना."

"घरात इचारतोच की समदं."

"कवा?" वहिनी म्हणाल्या, आणि मी संगणकाच्या पडद्याकडे पाहत राहिलो.

वर्ग खेळात आला. लोकांना आवडलाही. पण अप्पानं त्यात एक नियम घातला होता: जोडीदार खेळातून गेला, तर मागे राहिलेल्याला घाव घालताच येणार नाही. वडगावच्या माणसाला यात खटकण्यासारखं काही नव्हतं. अर्ध्या कोयत्याला कोण आगाऊ उचल देतं? बाहेरच्यांना ते कळेना. कुणाची फोनलाईन तुटे, कुणी जेवायला उठे, आणि इकडे दुसरा उभ्याउभ्या मारला जाई. तक्रारी वाढल्या. शेवटी खेळाच्या चालकांनी लिहिलं, उरलेल्याला सगळं बळ द्या, नाहीतर आठवड्यानं हा वर्ग काढून टाकू.

अप्पाचं जेवणावरचं लक्ष उडालं. बाकीचे वर्ग त्यानं दुरुस्त केले होते. हा एकच त्याचा स्वतःचा होता.

"देऊन टाका सगळं," मी म्हणालो.

"मंग जोडीदार गेलेला फायद्याचाच की वो सर. लोक एकमेकाला वाघापुडं ढकलतील."

"मग अर्धं द्या."

"अर्ध्यात वाघ मरत न्हाई. मंग कोन घेतंय हा वर्ग?"

आठवडा सरत आला. एका दुपारी वीज गेली. पंखा थांबला, संगणक विझले, खालचं शिलाई यंत्र तेवढं चालू राहिलं. वहिनी पुठ्ठ्यानं वारा घेत होत्या. बऱ्याच वेळानं अप्पा हळूच म्हणाला, "लडायला अर्धंच द्यायचं. पन गेलेल्याचं अर्धं बुडवायचं न्हाई. उरलेला लडाई सोडून निवांत बसला, की ते त्याला थोडं थोडं यायचं. हिरीला पाजर फुटतो तसं."

"लाईट गेली की ह्यांचं डोस्कं लागतं," वहिनी मला म्हणाल्या.

चालकांना हा नियम विचित्र वाटला, तरी त्यांनी वर्ग ठेवला. नंतर खेळात एक रीतच पडली. जोडीदार गेलेली माणसं किल्ल्याबाहेरच्या ओढ्याकाठी जाऊन बसत. येणारे-जाणारे अनोळखी योद्धे तिथं थोडं थांबत आणि पुढं जात.

अप्पा मी निवृत्त होण्याच्या आतच गेला. दुपारी छातीत दुखलं, संध्याकाळपर्यंत संपलं. माती वडगावला झाली. त्यांच्याकडे, लिंगायतांत, बसवून माती देतात. मांडी घातलेला अप्पा मला त्या खड्ड्यात फार लहान दिसला.

महिनाभर कॅफे बंद होतं. उघडल्याचं कळलं तेव्हा गेलो. वहिनी संगणकासमोर होत्या. खेळ चालू होता, त्यांचं पात्र ओढ्याकाठी बसलेलं. मी उभा होतो तेवढ्यात इंग्रजीत एक ओळ उमटली: जोडीदाराचं थोडं बळ तुम्हाला मिळालं आहे. वहिनींनी ती बोट ठेवून वाचली.

"पुढं जाऊन लढत नाही?" मी विचारलं.

"लडाई हाय की दुकानात रोज. हितं नुसती बसते." त्यांनी अप्पाची खुर्ची माझ्याकडे सरकवली. "बसा, सर. आजून लई शिल्लक हाय त्यांचं."