हाकणं आणि हाक मारणं

सकाळचे सहा वाजून दहा मिनिटे झाली आहेत आणि फाटकबाई, म्हणजे माळाच्या फाटकावरची राखणदार, ओढ्याकडच्या उतारावर कुंपणाची तार ताणते आहे. डाव्या गुडघ्याने खांब रेटून धरायचा, पकडीत तारेचे टोक धरून पीळ द्यायचा, मग हातोडीच्या दांड्याने तारेवर एक टोला मारून ऐकायचे. ढिली तार बद्द वाजते. नीट ताणलेली तार थोडा वेळ गुणगुणत राहते. हातमोजे तिला मिळाले आहेत, पण पीळ देताना उजव्या हाताचा मोजा ती काढून खिशात कोंबते. मोज्यातून तारेचा अंदाज येत नाही, असे तिचे म्हणणे. त्या हाताच्या तळव्यावर ओरखडे आहेत, जुने आणि नवे एकमेकांत मिसळलेले.

कुंपणाच्या अलीकडे सरकारी माळ आहे, तिथे परवाना असलेल्यांची गुरे चरतात. पलीकडेही तोच माळ आहे, पण तो सहा वर्षांपासून गुरांना बंद आहे. जमिनीवर अंडी घालणारे पक्षी तिथे कमी होत चालले होते आणि ओढ्याच्या काठांचा खुरांनी चिखल केला होता. गुरेवाले म्हणतात, आमचे आजे-पणजे इथेच चारत आले, तेव्हा पक्षी होतेच की. पक्षीवाले म्हणतात, तेव्हा गुरे इतकी नव्हती. दोघांचेही खरे आहे. भांडण मिटत नाही याचे तेही एक कारण असावे.

बाईचे काम सांगायला सोपे आहे. सकाळी मोठे फाटक उघडून कळप मोकळ्या बाजूला घ्यायचे, दिवसभर कुंपणाच्या कडेने फिरायचे, संध्याकाळी फाटक लावायचे. बंद बाजूला गुरे दिसली तर वॉकीटॉकीवरून कार्यालयाला कळवायचे. नोकरीबरोबर फाटकाला लागून असलेली एक खोली मिळते. खोलीत लोखंडी कॉट, गॅसची शेगडी, खिडकीत रेडिओ आणि दोन खुर्च्या. दुसऱ्या खुर्चीवर ती धुतलेले कपडे टाकते.

ती स्वतः गुरेवाल्यांच्या घरातली. वय चौपन्न, लग्न केले नाही. वडील असेपर्यंत त्यांच्याबरोबर कळपामागे राहिली, म्हणजे खरे तर कळपापुढे. कारण त्यांच्या घरात गुरे हाकत नसत. बाकीचे लोक मागून काठी घेऊन गुरे हाकतात. तिचे वडील कळपाच्या पुढे चालत आणि हाक मारत. दोन सुरांची हाक, दुसरा सूर खाली सोडून दिलेला. "मागं लागलं की गाय पळते," ते म्हणायचे. "पुढं झालं की चालते. पळालेली गाय दूध कमी देते आणि लाथ जास्त." त्या माळावर अशी पुढून गुरे नेणारे घर एकच. इतर गुराखी गमतीने म्हणत, त्यांच्याकडे मालक कोण आणि जनावर कोण हे लांबून कळत नाही.

वडील गेल्यावर कळप धाकट्या भावाकडे आला. भावाचे लग्न झाले, गोठ्यात चार हात झाले आणि बाईचे दोन जास्तीचे ठरले. कोणी तसे म्हटले नाही. भावजय तर नेहमी म्हणायची, "घर तुमचंच आहे, वन्सं." पाहुण्याला जेवायला थांबा म्हणतात ना, त्या सुरात. त्याच सुमारास निम्मा माळ बंद झाला आणि फाटकावर माणूस हवा होता. बाईने अर्ज केला.

गुरेवाल्यांनी तिला घरभेदी म्हटले. सकाळी फाटकातून जाता जाता एखादा टोमणा ठरलेला असायचा.

"काय बाई, गवताला पगार आणि गुरांना बंदी, बरंय की तुमच्या सरकारचं."

"गवत वेळेवर येतं कामाला. तुझ्यासारखं नाही," ती म्हणायची.

"आणि माझी गाय उद्या आत गेली तर? तिला पाटी वाचता येत नाही."

"तुला येते ना? मग तू तिला वाचून दाखव."

असे चालायचे. पक्षीवाल्यांशी तिचे भांडण नव्हते, पण ओळखही नव्हती. त्यांच्या प्रमुख बाईंनी पक्ष्यांवर पीएच.डी. केली आहे, म्हणून त्यांना सगळे डॉक्टर म्हणतात. नवीन असताना एकाने त्यांच्याकडे पोट फुगलेले वासरू आणले होते. त्यांनी त्याला पशुवैद्याकडे पोहोचवले, स्वतःच्या जीपमधून, आणि नंतर महिनाभर जीप धुतली.

यंदाच्या वसंतातल्या एका सकाळी दाट धुके होते. कुंपणाचा एक खांब बुंध्यापाशी कुजून आडवा झाला होता आणि त्या खिंडारातून आठ गाई बंद बाजूला गेल्या होत्या. बाईने धुक्यात नुसत्या घंटा ऐकल्या आणि गाई कोणाच्या ते ओळखले. भावाच्या होत्या. नियम असा की, ज्याची गुरे दुसऱ्यांदा आत सापडतील त्याचा परवाना त्या हंगामापुरता थांबतो. भावाची एकदा सापडली होती. बाई पुढे झाली, तिने हाक मारली, गाई मागे आल्या आणि ती त्यांना खिंडारातून बाहेर घेऊन गेली. खांब उभा केला. सात वाजता वॉकीटॉकीवर विचारणा झाली तेव्हा ती म्हणाली, "सगळं ठीक."

ओढ्याजवळच्या झाडाला पक्षीवाल्यांचा कॅमेरा बांधलेला होता. समोर काही हलले की तो आपोआप चित्रण करतो, आवाजासकट.

पंधरा दिवसांनी शाळेच्या सभागृहात बैठक झाली. भिंतीवर ते चित्रण दाखवले. अर्ध्या मिनिटाचे. पांढरे धुके, त्यात पुढे चालणारी एक बाई, तिची हाक, आणि मागोमाग एका ओळीत गाई. कुंपण दिसत नाही, फाटक दिसत नाही. गाई येताहेत की जाताहेत ते कळायला काही मार्ग नाही. पण ज्यांनी आयुष्यभर गुरांच्या मागे काठी पाहिली आहे, त्यांना पुढे चाललेल्या माणसाचा एकच अर्थ लागतो: गुरांना आत बोलावते आहे.

मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणाले, "कुंपणानंच शेत खाल्लं." हशा झाला. त्यात दोन्ही बाजूंचे लोक होते. असे त्या सभागृहात क्वचित होते.

माळाच्या अधिकाऱ्यांनी हात वर करून लोकांना गप्प केले. "बाई, सरळ विचारतो. तुम्ही गुरं हाकत होतात की बोलावत होतात?"

"हाक मारत होते."

"म्हणजे बोलावत होतात."

"हाक मारून बाहेर नेत होते. आमच्यात तसंच नेतात."

डॉक्टर म्हणाल्या, "नेत असाल. मला यातून सांगता येत नाही. पण त्या दिवशी तुम्ही सगळं ठीक म्हणालात. तिथं दोन घरटी तुडवली गेली होती. ते आम्हाला आठ दिवसांनी कळलं."



"गुरं कोणाची?" अधिकाऱ्यांनी विचारले.

 नाव सांगितले नाही तर नोकरी जाणार, नोकरीबरोबर खोली जाणार, हे बाईला माहीत होते. मग भावाच्या घरी, भावजयीच्या त्या सुरात. त्याची तिने मनाची तयारी केली होती. गप्प राहायचे असे ठरवूनच ती आली होती.

अधिकाऱ्यांनी भावाकडे पाहिले. त्या बाजूला सर्वांत जवळ त्याचाच कळप असतो. "तुमची आहेत का?"

"धुक्यात काय ओळखणार, साहेब? धुक्यात सासूसुद्धा बरी दिसते."

पुन्हा हशा. अधिकारी हसले नाहीत. "तुमच्या बहिणीच्या हाकेला येताहेत, म्हणून विचारतो."

भाऊ खुर्चीत पुढे झाला. "आमच्या गाई तिच्या हाकेला येत नाहीत. तिनं घर सोडलं तेव्हापासून ओळख विसरल्या त्या."

"येतात," बाई म्हणाली.

आवाज मोठा नव्हता. अधिकाऱ्यांनी पुन्हा सांगायला लावले.

"येतात. त्याच्याच आहेत. आठ. त्यातल्या चौघींना मी बाटलीनं पाजलंय. दुसऱ्यांदा आत सापडल्या, म्हणून मी कळवलं नाही. ती माझी चूक."

भावाचा परवाना हंगामापुरता थांबला. बाईला लेखी ताकीद मिळाली, नोकरी राहिली. सभागृहाबाहेर भाऊ गाडीच्या दाराला टेकून उभा होता. भावजय आत बसली होती, काच वर करून. तिने काच खाली घेतली, "वन्सं, जीभ जरा आत ठेवली असती तर काय झिजली असती का?" म्हणाली आणि काच वर केली.

भाऊ किल्ली बोटावर फिरवत होता.

"ताई, मी काहीच बोललो नसतो तर तूही बोलली नसतीस ना?"

"नसते बोलले."

"मग मी बोलायला नको होतं."

"नको होतंस."

त्यानंतर दोघांचे बोलणे झालेले नाही.

सकाळचे टोमणेही थांबले. गुराखी फाटकातून जाताना आता सलामापुरते एक बोट वर करतात, अनोळखी गाडीवाल्याला करावे तसे. तिच्या तोंडावर घरभेदी म्हणण्याइतकीही सलगी कोणी ठेवली नाही. पक्षीवाल्यांनी मात्र तिला एका रविवारी पक्षीगणनेला बोलावले. ती गेली. त्यांनी तिला दुर्बीण दिली, चहा दिला, चांगले वागले. ते आपसांत ज्या गावांबद्दल आणि माणसांबद्दल बोलत होते त्यातले तिला कोणी ठाऊक नव्हते. पुढच्या वेळी तिने कुंपणाचे काम आहे असे सांगितले. काम होतेच.

डॉक्टरांच्या सांगण्यानुसार ओढ्याचे काठ आता सुधारत आहेत. बाईलाही तसे दिसते. गवत गुडघ्याच्या वर आले आहे, आणि तुडवलेल्या त्या दोन घरट्यांच्या आसपास नवी चार झाली आहेत. हे ती कोणाला सांगत नाही. सांगायचे तर कोणाच्या बाजूने सांगायचे, हा प्रश्न येतो.

सात वाजता वॉकीटॉकी खरखरतो. कार्यालयात नवीन मुलगी आहे, ती तिला मॅडम म्हणते.

"मॅडम, सगळं ठीक?"

"खांब बदलला. तार ताणली. आत गुरं नाहीत."

"ओके मॅडम."

दिवसातले एवढेच बोलणे. संध्याकाळी आणखी एकदा असेल.

या उतारावरून माळाच्या कडेला, हाकेच्या अंतरावर भावाचा गोठा दिसतो. त्याच्या कळपासाठी वेगळे छोटे फाटक होते, त्याला आता कुलूप आहे. गाई दिवसभर दावणीला. वारा तिकडून असला तर त्यांचे हंबरणे ऐकू येते. इतर ठिकाणी फिरताना बाई स्वतःशी काहीबाही बोलते, रेडिओवरचे एखादे गाणे म्हणते. एवढा टप्पा मात्र ती तोंड मिटून चालते. सुरुवातीला एकदा ती इथे नुसती खोकली, आणि तिकडे दोन गाईंनी दावे ताणले. बांधलेल्या गाईने दावे ताणले की मान सोलवटते.

चरायला बंदी म्हणून भावाला आता चारा विकत आणावा लागतो. त्याचा ट्रक दर गुरुवारी मोठ्या रस्त्याने येतो, आणि त्या रस्त्याने गोठ्याकडे जायची वाट मोठ्या फाटकातूनच आहे. गाडी रुंद असते, त्यामुळे बाईला फाटकाची दोन्ही दारे उघडावी लागतात. उद्या गुरुवार आहे. ट्रक दहा वाजता येतो.