टेलिफोन बोर्डानंतरचा अभ्यास

मुलुंडच्या एका हॉस्पिटलात मी टेलिफोन ऑपरेटर होते. लग्नाआधी लागले, मग मुलगी झाली, ती मोठी होऊन मानखुर्दला सासरी गेली, तरी मी त्याच खुर्चीवर. कानाला हेडफोन, समोर बटणांचा बोर्ड. कुठला डॉक्टर कुठे सापडेल, कुठल्या वॉर्डातली सिस्टर फोन उचलायला वेळ लावते, सगळं तोंडपाठ. मग नवीन फोन आले. ते कॉम्प्युटरच्या वायरीवर चालायचे आणि ज्याला ज्याच्याशी बोलायचंय तो थेट बोलायचा. मधे कुणी लागायचंच नाही.

मला काढलं नाही. चौकशीच्या काउंटरवर बसवलं. "एक्स-रे कुठे?" "सरळ जाऊन डावीकडे." दिवसभर हेच. कुणी वाईट वागलं असं अजिबात नाही. उलट सगळे मायेने म्हणायचे, "आता मजा आहे तुमची, रिटायर होईपर्यंत नुसतं बसायचं." ते 'नुसतं बसायचं' मला झोंबायचं.

नवीन फोन बसवणाऱ्यांवर आमच्या आयटी विभागाचे सर देखरेख ठेवायचे. माझ्यापेक्षा बरेच लहान, पण साहेब ते साहेबच. एकदा ते काउंटरपाशी उभे असताना मी विचारलं, "सर, मधे ऑपरेटर नाही, मग हा फोन बरोबर त्याच माणसाकडे जातो कसा?"

ते निघालेच होते, थांबले. म्हणाले, "इतक्या दिवसांत हे कुणी विचारलं नव्हतं." मग दोन-चार वाक्यांत काहीतरी सांगितलं. मला त्यातलं काही कळलं नाही, आणि ते त्यांच्याही लक्षात आलं. "खरंच शिकायचं असेल तर नेटवर्किंगचा क्लास लावा. परीक्षा पास होऊन सर्टिफिकेट आणा, मी तुम्हाला माझ्या विभागात मागून घेतो."

त्यांनी ते सहज म्हटलं असेल. मी खरं धरलं.

आमच्या घरात शिकायला कुणी कुणाला अडवत नाही. गावाकडून नुसत्या अंगावरच्या कपड्यांनिशी आलेल्या माणसांची आमची वस्ती, घाटकोपर पूर्वेची. शिकूनच इथवर आलो हे आमच्यात पोराटोरांनाही माहीत. तेव्हा "कशाला शिकतेस?" असं कुणी विचारलं नाही. सगळ्यांनी विचारलं ते, "आता?" मिस्टरांनीही तेच विचारलं. ते पाणी खात्यात चावीवाले. कुठल्या गल्लीला कधी पाणी सोडायचं, त्याच्या चाव्या फिरवायचं काम.

"आता नाही तर मग केव्हा?" मी म्हटलं.

"बघ बाई. डोकं दुखलं तर मला सांगू नकोस."

क्लास स्टेशनजवळ, एका साड्यांच्या दुकानाच्या वर. पहिल्या दिवशी मी आत शिरले तर दाराजवळच्या बाकावरच्या मुलीने सांगितलं, "काकू, पालकांनी बाहेर बसायचं." ही मालाडहून यायची. बी.कॉम. झालेली, बोलायला फटकळ. मी शिकायला आलेय म्हटल्यावर तिने तोंडावर हात ठेवला, मग सरकून शेजारी जागा केली. "सॉरी यार काकू. बसा." शेवटपर्यंत आम्ही दोघी त्याच बाकावर बसलो.

शिकवायला एक मॅडम होत्या, माझ्या मुलीच्या वयाच्या. मी त्यांना मॅडम म्हणायचे, त्या मला मॅडम म्हणायच्या. हसू यायचं, पण दोघींनी ते कधी सोडलं नाही.

वयामुळे लक्षात राहत नाही असं लोक म्हणतात. माझं अडलं ते तिथे नाही. मला हात वर करता येईना. इतकी वर्षं लोक मला विचारायचे आणि मी सांगायचे. आता वीस-बावीसची मुलं भराभर उत्तरं देतायत आणि मला प्रश्नच कळला नाही, हे बोलून दाखवायला जीभ उचलत नव्हती. नेटवर्कवरच्या प्रत्येक यंत्राला आकड्यांचा पत्ता असतो. त्या पत्त्याचा पुढचा भाग वस्तीचा, मागचा घराचा. पण वस्ती कुठे संपते आणि घर कुठे सुरू होतं हे काढायला शून्य आणि एक यांचं गणित करावं लागतं. तिथे माझी वाट लागली. मी मान डोलवत बसायचे. एक दिवस मॅडम फळ्यापाशीच थांबल्या. "मॅडम, तुम्ही मान डोलवताय, पण तुमचं पेन थांबलंय."

सगळे वळून बघायला लागले. मी म्हटलं, "मला पहिल्यापासूनच कळलं नाही."

मागच्या बाकावरून आवाज आला, "मला पण नाही." मग अजून एक. मॅडमनी फळा पुसला आणि पहिल्यापासून सुरू केलं. त्या दिवसानंतर मी विचारायला लागले. एकदा तोंड उघडलं की लाज कुठे जाते कळत नाही.

घरी जागा नव्हती. म्हणजे जागा होती, पण मी समोर दिसले की घराला काहीतरी आठवतं. म्हणून ड्युटी संपली की मी वस्तीतल्या विहाराच्या अभ्यासिकेत जाऊन बसायचे. तिथे स्पर्धा परीक्षांची पोरं असतात. कुणी बोलत नाही, वर पंखा कुरकुरतो आणि बुद्धमूर्तीपुढे कुणीतरी लावलेल्या उदबत्तीचा वास येतो. आधी पोरांना वाटलं मावशी झाडायला आल्या. मग सवय झाली. एकाने न विचारता खिडकीजवळची उजेडाची जागा सोडून दिली.

मिस्टर माझं म्हणणं ऐकून घ्यायचे. एकदा म्हणाले, "अगं, हे आमच्या लाइनीसारखंच की. मोठा पाइप, त्यातून फाटे, फाट्यावर चावी." मला इतका आनंद झाला! पुढचे कितीतरी दिवस मी सगळं पाण्यासारखंच बघत होते. आणि नेमक्या त्यामुळेच सराव परीक्षेत उत्तरं चुकली. पाणी एकाच दिशेने जातं. इथे पाठवलेल्याची पोच परत येते, हरवलेलं पुन्हा पाठवतात, एकाच निरोपाचे तुकडे वेगवेगळ्या वाटेने जाऊन पलीकडे जोडले जातात. मॅडम म्हणाल्या, "उदाहरण दारापर्यंत सोडायला येतं. आत आपणच जायचं." घरी येऊन सांगितलं तर मिस्टर म्हणाले, "म्हणजे मी दारातच का?" पण रुसले नाहीत.

परीक्षेचं सेंटर अंधेरीला होतं. काचेच्या खोलीत एकेकाला एकेक कॉम्प्युटर. सगळं इंग्रजीत, आणि वाक्यं अशी लांबलचक की शेवटाला येईपर्यंत सुरुवात विसरायची. शेवटचं बटण दाबलं की तिथल्या तिथे निकाल. मी नापास.

घरी जावंसं वाटेना. रिक्षावाल्याने "किधर?" विचारलं तर तोंडातून जुहू निघालं. मुलगी लहान असताना आलो होतो, त्यानंतर आत्ता. वाळूत पर्स मांडीवर घेऊन बसले. तेवढ्यात मिस्टरांचा फोन.

"काय झालं?"

"नापास."

"कुठेयस?"

"जुहूला."

"जुहूला काय करतेयस?"

"बसलेय."

"बस मग. काहीतरी खा. घरी आलीस की बघू."

रडू आलं नाही. नवल वाटलं. शाळा सुटल्यापासून कुणी माझी परीक्षाच घेतली नव्हती, मग नापास कुठून होणार? काउंटरवर बसून कुणी नापास होत नाही. ही चव किती वर्षांनी जिभेवर आली होती, आणि कडू असली तरी ती माझी होती.

दुसऱ्या दिवशी मालाडच्या त्या मुलीने मला एक फाइल पाठवली. खऱ्या परीक्षेत येणारे प्रश्न उत्तरांसकट कुठून कुठून गोळा केलेले. वर लिहिलं होतं, "काकू, हे घोका, झकास पास व्हाल. सगळे हेच करतात." ती स्वतः त्यावरच पास झाली होती. माझ्या आधी.

मी ती फाइल उघडली. तत्त्वाची गोष्ट म्हणून बंद केली असं सांगितलं तर ऐकायला बरं वाटेल. पण खरं म्हणजे मी दोन-तीन पानं घोकली. मग एका प्रश्नापाशी अडले. उत्तर दिलं होतं, पण ते तेच का, ते कुठेच नव्हतं. आणि मला सवय लागली होती 'का' विचारायची. सरांना काउंटरवर विचारलं होतं ते तरी दुसरं काय होतं? उत्तर तर मला तेव्हाही माहीत होतं, की फोन लागतो. मी ती फाइल पुसली आणि अभ्यासिकेत जाऊन पुस्तक उघडलं.

दुसऱ्या वेळी पास झाले. भरघोस मार्कांनी नाही, पण पास. मॅडमना पेढे दिले तर त्यांनी अर्धा तोडून आधी माझ्याच तोंडात घातला.

मालाडच्या मुलीला लगेच नोकरी लागली. तिथे तिला काहीच येत नसणार असं मी मनात धरून बसले होते. तसं झालं नाही. सुरुवातीला तिने बोलणी खाल्ली, मग काम करता करता शिकली, आणि आज ती माझ्यापेक्षा पुढे आहे. मीच अडलं की तिला फोन करते. शिकायची वाट एकच असते असं मला वाटायचं. आता वाटत नाही. तिला तिची वाट पचली, मला माझी.

सरांनी शब्द पाळला. वरच्या लोकांशी त्यांना बरंच बोलावं लागलं, पण मी त्यांच्या विभागात गेले. काम छोटं होतं, कुठल्या टेबलाचं कनेक्शन गेलं तर जाऊन बघायचं. पहिल्याच महिन्यात ओपीडीच्या नोंदणीखाली वायरींचा गुंता होता, तो मी आवरायला घेतला. एक वायर सुटलेली दिसली. सुटलेली वायर म्हणजे कुणाचं तरी काम अडलेलं असणार, म्हणून सगळ्या वायरी ज्या डब्यात जोडतात त्याच्या रिकाम्या खाचेत लावून टाकली. तिचं दुसरं टोक त्याच डब्यात आधीच लावलेलं होतं, ते मी बघितलंच नाही.

असं झालं की निरोप गोल गोल फिरत राहतो, वाढत जातो आणि दुसऱ्या कशालाच जागा उरत नाही. वर नोंदणीच्या मुली ओरडायला लागल्या, "गेलं, सगळं गेलं!" पेशंटांची रांग, त्यात कुणी शिव्या देतंय, सर धावत आले. मी अजून टेबलाखालीच. समोर त्या डब्यावरचे सगळे दिवे एकदम, वेड्यासारखे लुकलुकत होते. हे चित्र मी पुस्तकात पाहिलं होतं. मी ती वायर ओढली. दिवे शांत झाले. वरून आवाज आला, "आलं, आलं."

टेबलाखालून बाहेर आले तेव्हा गुडघे धुळीने माखले होते. मी सरांना म्हटलं, "माझ्यामुळे झालं."

"दिसलं," ते म्हणाले. "पुन्हा नाही होणार ना?"

"नाही."

"मग उरलेल्या वायरी आवरा."

घरी येऊन मिस्टरांना सांगितलं, "आज ओपीडी बंद पाडली."

"कुणी?"

"मी."

ते जेवता जेवता थांबले आणि असे हसले की ठसका लागला. मी पाणी दिलं. मग मलाही हसू आलं. एवढी मोठी चूक करता येईल असं काम याआधी कुणी माझ्या हातात दिलंच नव्हतं, हे मला तेव्हा जाणवलं. हसणं ओसरल्यावर ते म्हणाले, "पण ती एकटी वायर गोल फिरली, तर सगळ्यांचंच का बंद पडलं?"

मी ताट बाजूला सरकवलं आणि समजावून सांगायला बसले.