पाहुण्यांसमोरची आमसभा

राज्यशास्त्राचा एक धडा मला दरवर्षी शिकवावा लागतो. आंतरराष्ट्रीय संघटना आपल्या सदस्य देशांत लोकशाही आणि मानवी हक्क कसे रुजवतात, असा त्याचा विषय. निरीक्षक पाठवतात, अहवाल लिहितात, शिफारशी करतात, सदस्य देशांशी संवाद साधतात. पोरं हे घोकतात, पेपरात उतरवतात आणि पास होतात. मी मोहाडीच्या कॉलेजात खडू हातात धरून उभी असते आणि माझं डोकं फिरतं. संवाद साधतात म्हणे! साधला ना आमच्याशी. चांगला साधला.

माझ्या दारी मासे विकायला एक बाई येते. आंधळगावच्या बाजूचं गाव तिचं, जातीची ढिवर. गावाला मालगुजारीच्या काळातला मोठा तलाव आहे आणि तो मच्छीमारांच्या संस्थेकडे आहे. जो संस्थेचा सभासद, त्यालाच तलावात जाळं टाकता येतं. तिचा नवरा सभासद होता. तो तापानं गेला. सभासद गेला की त्याच्या जागी घरातला एक वारस घेतात, आणि नियमानं तो वारस बायकोही असू शकते. पण त्या गावची रीत अशी, की बाईनं पाण्यात उतरायचं नाही, म्हणून सभासदकी मेलेल्याच्या भावाकडे जाते. दिरानं तर तेरवीची वाटही पाहिली नाही. जाळं आधीच उचलून नेलं.

एक दिवस ती माझ्या ओसरीवर टोपली टेकवून बसली ती उठेचना.

"जाळं म्या विनलं, मॅडम. फाटलं तं म्या सांधलं. पाळीवर मासे म्या निवडले, बाजार म्या केला. अन् आता दिराच्या हातून टोपली इकत घेऊ? माह्याच तलावात मी गिऱ्हाईक?"

"मग भांडत काहून नाही त्याच्याशी?"

"आपलेच दात, आपलेच ओठ. कोनाशी भांडू?"

तिला एवढंच हवं होतं. सभासद म्हणून स्वतःचं नाव आणि तलावात आपलं जाळं टाकायचा हक्क. कोणाची दया नको होती.

त्याच सुमारास जिल्ह्यात एक पथक येणार असल्याचं कळलं. बऱ्याच देशांचा मिळून एक संघ आहे, आपला देशही त्यात आहे. सदस्य देशांत गावपातळीवर लोकशाही कशी चालते, हे बघायला त्या संघाची माणसं फिरत होती. त्यांना एक खरीखुरी आमसभा बघायची होती, आणि कोणीतरी या मच्छीमार संस्थेचं नाव सुचवलं. दुभाषी म्हणून मला बोलावलं. मला तर आभाळ ठेंगणं झालं! आमच्या घरात मतदानाच्या दिवशी आजोबा पांढरं धुवट धोतर नेसून रांगेत सगळ्यांच्या आधी उभे राहायचे. ज्या माणसाला गावच्या विहिरीवर पाणी भरू दिलं नव्हतं, त्याचंही मत पाटलाच्या मताएवढंच, हे ते आम्हाला पुन्हा पुन्हा सांगायचे. अशा घरात वाढलेली मी. मला वाटलं, बरं झालं, आता बघू कोण नाही म्हणतो ते.

मी तिला सांगितलं, "पाहुण्यांसमोर तुझा विषय निघेल. तेव्हा उभी राहा आणि दिराच्या नावाला विरोध कर. बाहेरची माणसं समोर असताना तुला खाली बसवायची कोणाची हिंमत नाही."

"मी बोलीन," ती म्हणाली. "तुमी फक्त बाजूले राहा."

आता या संस्थेची एक गोष्ट सांगायला हवी. आमसभेला गावच्या बायका येतात आणि मागच्या सतरंजीवर बसतात. त्यांच्यात सभासद एकही नाही. पण अध्यक्ष "हात वर करा" म्हणाले की बायकाही हात वर करतात. का, तर सभेचा मान! आपल्या माणसांचा ठराव चालू असताना हात खाली ठेवून बसणं म्हणजे भरल्या पंगतीतून ताट सरकवून उठणं. सचिव फक्त पुढचे हात मोजतो. मागचे हात वर जातात आणि खाली येतात, त्यांची मोजदाद कोणी करत नाही. वर्षानुवर्षांची सवय आहे ती. कोणी काय वाचलं, कशाला हात वर केला, याकडे लक्षही नसतं.

सभा तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, मंडपात झाली. पथकाची मुख्य एक परदेशी बाई होती. वागायला अगदी गोड, खाली सतरंजीवर मांडी घालून बसली. तिला झिंग्यांची भाजी फार आवडली, तिखटानं नाक पुसत पुसत खाल्ली. मला ती आवडली होती, खोटं कशाला बोलू?

अध्यक्ष मात्र बारा गावचं पाणी प्यालेले. विषय एकेक करून घ्यायचे सोडून त्यांनी सगळे ठराव एका दमात वाचले. गाळ काढणे, मत्स्यबीज आणणे, मयत सभासदाच्या जागी त्याच्या भावाला घेणे, पाळीची झुडपं तोडणे, पाहुण्यांचे आभार मानणे. आणि लगेच, "मंजूर असंल तं हात वर करा!"

भराभर हात वर गेले. पुढचे गेले, मागचेही गेले. आणि माझ्या डोळ्यांदेखत तिचाही गेला.

ती आपल्या विषयाची वाट बघत बसली होती. विषय येऊन गेला, हे तिला कळलंच नाही. हात वर करा म्हणाले, हात वर गेला, जसा आजवर दरवेळी गेला होता. मी सगळं विसरून ओरडले, "अगं, हात खाली कर! तुझाच विषय आहे तो!" मंडपात हशा पिकला. ती गोंधळली, हात तसाच अर्धा वर, आणि तेवढ्यात पथकातल्या माणसानं फोटो काढला. पाहुणीबाई सगळ्या सतरंज्यांवरून नजर फिरवत मागचे हातसुद्धा मोजत होती. त्या सभेत बायकांचे हात पहिल्यांदाच कोणीतरी मोजले!

मी पाहुणीबाईला इंग्रजीत घाईघाईनं सगळं समजावलं. ही बाई विरोधात आहे, हा ठराव तिच्याच हक्काचा आहे, इथं बायका मानापुरता हात वर करतात.

तिनं शांतपणे ऐकून घेतलं. "पण तिनं बाजूनं मत दिलं, मी स्वतः पाहिलं," ती म्हणाली. "बाईच्या मताला अर्थ नाही, असं मी कसं म्हणू?"

माझाच धडा ती मला शिकवत होती.

पुढे मी त्या पथकाला कळवलं. उत्तर आलं, फार सभ्य. आम्ही सदस्य देशांच्या अंतर्गत कारभारात ढवळाढवळ करत नाही, महिलांचा सहभाग वाढवावा अशी शिफारस आम्ही देशाला करू. म्हणजे उंटावरून शेळ्या हाकायच्या, आणि शेळी खड्ड्यात पडली की म्हणायचं, शेळी स्वतंत्र आहे. मग जिल्ह्याला अशा सहकारी संस्थांचं काम बघणाऱ्या ऑफिसात गेले. तिथले साहेब म्हणाले, "मॅडम, संस्था स्वायत्त आहे. आमसभा सर्वोच्च. आमसभेनं ठरवलं की आम्ही कोण?" देशाला देशाची मर्जी, संस्थेला संस्थेची मर्जी. वरपासून खालपर्यंत सगळे लोकशाहीवाले, आणि एका बाईला आपलं जाळं मिळत नाही. चीड येते हो! एखाद्यानं सरळ लाथ मारली असती तर त्याच्याशी भांडता तरी आलं असतं. इथं जो तो हात जोडून नाही म्हणतो.

शेवटी आम्ही दोघी अध्यक्षांच्या घरी गेलो. ती म्हणाली, "दादा, त्या दिवशी माहा हात चुकून वर गेला. तो वापस घ्या."

अध्यक्ष सुपारी कातरत होते. अगदी मायेनं बोलले. "वापस काय घ्याचा, बाई? बायाइचे हात आपन मोजतच नाही. तुले मालूम हाये ना?"

"त्या पाहुणीनं तं मोजला."

"ते पाहुने होते. गेले आता."

बाहेर आल्यावर मी अध्यक्षांच्या नावानं बोटं मोडत होते. ती नव्हती. पुढच्या आमसभेत मागच्या सभेचे ठराव कायम करतात, तेव्हा विरोध नोंदवता येतो, हे मी तिला सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "मंग तवा पाहू."

त्या सभेला मंडप नव्हता, फोटोवाला नव्हता, पाहुणे नव्हते. मी मागच्या सतरंजीवर तिच्या शेजारी बसले होते. अध्यक्षांनी मागचे ठराव वाचले, त्यात तिच्या दिराचंही नाव आलं. "कायम असंल तं हात वर करा." पुढचे सगळे हात वर गेले. आमच्या आजूबाजूच्या बायकांचेही गेले, मुकाट्यानं, खाली बघत. ती उभी राहिली. दोन्ही हात खाली सोडलेले.

"माहा हात खाली हाये," ती मोठ्यानं म्हणाली. "सगळे पाहून घ्या. खाली हाये."

सचिवानं पुढच्या हातांवरून बोट फिरवलं आणि अध्यक्षांकडे बघून मान हलवली.

"सर्वानुमते मंजूर," अध्यक्ष म्हणाले. ती अजून उभीच होती.