चलानावरची पाठ

चलान मोबाइलवर आलं तेव्हा दुर्दैवाने मोबाइल बायकोच्या हातात होता. मागे बसणाऱ्याने हेल्मेट न घातल्याबद्दल दंड, ठिकाण बारामती, सोबत पुरावा म्हणून फोटो. फोटोत एक मोटारसायकल, चालवणाऱ्याची पाठ आणि मागे गुलाबी साडीतली एक बाई. दंडाच्या रकमेकडे बायकोने ढुंकूनही पाहिलं नाही.

"पाठ तर तुमचीच हाय," एवढंच म्हणून ती भाकरी थापायला बसली. त्या दिवशी भाकऱ्या जरा जोरातच थापल्या गेल्या.

आता पाठीचं म्हणाल, तर दूध संघाने दिवाळीला मिठाईऐवजी सगळ्या सभासदांना निळी जर्किनं वाटली होती. तेव्हापासून शेळगावातले आम्ही निम्मे बाप्ये मागून एकसारखेच दिसतो. मी फोटो मोठा करून पाहिला. पाटीवरचा शेवटचा आकडा तीन, माझ्या गाडीचा आठ. चलान करणाऱ्या महाशयांनी तिनाचा आठ केला आणि माझ्या संसारात एक बाई आणून बसवली. माझं डोकंच फिरलं. "भरून टाक आणि मोकळा हो," असं जो तो सांगत होता. पण दंड भरायचा म्हणजे बाई कबूल करायची!

ऑनलाइन तक्रार केली, ती 'विचाराधीन' झाली. सरकार विचार करतंय म्हटल्यावर वाट पाहण्यात अर्थ नव्हता. मी बारामती गाठली, तीही तेच जर्किन घालून. सकाळी थंडी होती आणि अक्कल घरी राहिली होती.

वाहतूक शाखेच्या खिडकीतल्या हवालदाराने फोटो पाहिला, मग मला पाहिलं.

"पावणं, जरा पाठ फिरवा."

फिरवली.

"मग? तुमीच की हे!"

मी त्याला समोरची चहाची टपरी दाखवली. तिथे दोन निळी जर्किनं बशीत चहा ओतून पीत होती. तेव्हा कुठे साहेबांनी चष्मा लावून नंबर वाचायची मेहरबानी केली. चलान रद्द झालं.

घरी आल्या आल्या मी मोबाइल बायकोपुढे धरला. "बघ. तो मी नव्हतोच."

"ते मला फोटो बघितल्या बघितल्याच कळलं व्हतं."

"मग इतके दिवस तोंड फुगवून का बसलीस?"

"त्या बाप्यानं बाईला गाडीवर बसवून बारामती तरी दावली," ती म्हणाली. "मी निरवांगीला म्हायेरी सोडा म्हटलं, की तुमी म्हणता, येष्टी हाय की."