पाखरांचे दात

आईचे दात काढायचे ठरले त्या आठवड्यात मी कॉलेजात पक्षी शिकवत होते. फळ्यावर जुन्या काळच्या पक्ष्याचा जबडा काढायचा, त्यात बारीक टोकदार दात दाखवायचे आणि विचारायचं, आजच्या चिमणीचे दात गेले कुठे? दरवर्षी कुणीतरी मागून "किडले, मॅडम" म्हणतं आणि वर्ग हसतो. मीही हसते. त्या दिवशी मी डस्टर टेबलावर आपटलं आणि तास तसाच पुढे रेटला.

आईच्या गालात आतून गाठ आली होती. आमच्या गावात बायका सकाळी उठल्या की मिश्री लावतात. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची आणि बोटाने दातांवर घासत ओट्यावर बसायचं. नवी नवरी असताना आईची दाढ दुखली, तेव्हा सासूनं तिच्या तळहातावर पहिली चिमूट ठेवली. दुखणं थांबलं. तेव्हापासून मिश्री हे तिचं दातांचं औषध झालं, आणि औषधाला कोण नावं ठेवणार?

गाठीला आता रेडिएशनच द्यायचं होतं. पण ते दिल्यावर जबड्यातल्या जखमा नीट भरत नाहीत, म्हणून खराब दात आधीच काढायचे आणि हिरड्या भरल्या की लगेच सुरुवात करायची, असं डॉक्टरांनी समजावलं. आईचे दात वरून शाबूत दिसत, मुळाशी सगळे गेलेले. "मॅडम, हिरड्यांना जपा," डॉक्टर म्हणाले. "गाठ आपल्यासाठी थांबणार नाही."

दात गेले आणि आईचा चेहरा आत ओढला गेला. माझ्या अंबडच्या फ्लॅटमध्ये ती दिवसभर तोंडावर पदर धरून बसायची. पेज ढवळायची आणि तशीच ठेवायची. "बिनदाताचं मानूस म्हंजी निम्मं मेल्यालं," म्हणायची. मला दुसरं काय येतं? जे शिकवते तेच सांगितलं.

"आई, पाखरांनाही दात होते एकेकाळी."

"जा गं, कायतरीच."

"खरंच. दगडात त्यांचे जबडे सापडलेत, दातांसकट. पुढे दात गेले, चोच राहिली. कोंबडी कुठे चावून खाते? तिच्या पोटातल्या पिशवीत खडे असतात ना, ते दळतात."

ती पिशवी आईनं जन्मभर चिरून धुतली होती. "मंग माझ्या पोटात जातं बसवतीस का?" म्हणत ती हसली. हसताना पदर धरायचं विसरली आणि वाटीतली पेजही संपवली. मला इतका आनंद झाला की लाज वाटावी.

कारण मी अर्धंच सांगितलं होतं. पाखरांचे दात जायला लाखो वर्षं लागली. एकेक पिढी सरत गेली तशी चोच वाढली, दात मागे हटले. दात घडवायची कृती कोंबडीच्या पेशीत अजून मोडक्यातोडक्या अवस्थेत पडून आहे. गरज उरली नाही म्हणून ती मोडली तरी चाललं. पण गरज असतानाच ज्याचे दात गेले, असा पक्षी फार दिवस जगला नसणार. हे आईला सांगायची माझी छाती झाली नाही.

मी शिकवायला कॉलेजात गेले की मावशी, म्हणजे आईची धाकटी बहीण, तिच्यापाशी असायची. हिरड्या काही केल्या भरेनात. डॉक्टर तपासायचे, मान हलवायचे, पुढची तारीख द्यायचे. एका दुपारी मी लवकर घरी आले तर जळक्या तंबाखूचा वास जिन्यापर्यंत आलेला. आत आई आ करून बसली होती आणि मावशी तिच्या उघड्या जखमांवर बोटाने मिश्री चोळत होती.

मी तवा मोरीत भिरकावला. काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही.

"दुखतंय गं तिला," मावशी रडायला लागली. "मिश्रीबिगर कशानं थांबनार? म्या काय वाईटासाठी केलं का?"

नव्हतंच केलं. म्हणून तर माझा राग कुठेच टेकेना.

हिरड्या भरेपर्यंत गाठ मानेत उतरली. "आता किरणांचा उपयोग नाही," डॉक्टर म्हणाले. "घरी न्या. दुखणं कमी ठेवू." गोळ्यांची पिशवी घेऊन आम्ही तिघी रिक्षात बसलो.

घरी आल्यावर मावशी आईचे पाय चेपत बसली. मग आईनं मला विचारलं, "मिश्रीमुळं हुकलं का गं किरणांचं?"

मावशीचे हात थांबले.

"नाही आई," मी म्हणाले. "आधीच पसरलं होतं."

आईचा चेहरा सैल झाला. "बघ," ती बहिणीला म्हणाली, "उगंच बोलली ही तुला." आणि मग डोळे मिटून, "आता दे की थोडी. लय ठनकतंय."

मावशीनं माझ्याकडे पाहिलं. मी खाली मान घातली. ती उठली आणि स्वयंपाकघरात जाऊन तिनं गॅस पेटवला.